कॉफीत मोसंबी

माझा भाचा अमेरिकेत ऑरेगन राज्यात पोर्टलंडला असतो. सोमवार ते शुक्रवार तो कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि शनिवारी गॅरेजमध्ये बिअर करतो. शनिवारच्या कामाबद्दल तो जितकं भरभरून बोलतो त्याच्या एक दशांशही बाकीच्या पाच दिवसांबद्दल बोलत नाही. त्याचं पोट नेमकं कशावर चालतं, याची माझ्या बहिणीला त्यामुळे अधूनमधून काळजी वाटते.

त्याचा व्हिडिओ कॉल येतो आमच्या रविवारी सकाळी. तिकडे शनिवारची रात्र असते आणि इकडे माझ्यासमोर मिसळ असते. अशाच एका रविवारी त्यानं विचारलं, "मामा, डार्क एल करतोय, म्हणजे काळी बिअर. हॉप्स कुठले घालू?"

मी तर्रीत पाव बुडवत म्हणालो, "घरात असतील ते घाल."

आमच्या स्वयंपाकघरात या उत्तरावर गेली छत्तीस वर्षं संसार चाललाय. पण पोर्टलंडच्या बाजूला शांतता पसरली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मामा, माझ्याकडे अकरा प्रकारचे आहेत."

आता हे मलाच का विचारायचं? तर मी नाशिकचा. नाशिकबाहेरच्या माणसाला वाटतं की 'वाइन कॅपिटल'मध्ये राहणारा जो तो जन्मतःच आंबवण्याच्या शास्त्रात पारंगत असतो. प्रत्यक्षात मी चौतीस वर्षं बँकेत द्राक्षबागांची कर्जं लिहिली. द्राक्षाचा रस पुढे कुठे जातो यापेक्षा हप्ता कुठे जातो, याचाच माझा अभ्यास जास्त. मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की त्यांना गंगापूर धरणाकडच्या वायनरीत न्यावं लागतं. तिथे सात-आठ खेपा झाल्यावर मी ग्लास गोल फिरवायला शिकलो. फिरवल्यावर काय दिसायला हवं ते मात्र अजून कळलेलं नाही. बिअरशी माझा संबंध याहून कमी. ती पिवळी असते आणि लग्नाच्या आदल्या रात्री मुलाकडच्या खोलीत सापडते, एवढंच.

पण मामा म्हटल्यावर उत्तर देणं आलं. मी म्हणालो, "आधी हॉप्स म्हणजे काय ते सांग, मग कुठले ते मी सांगतो."

हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं. हिरवी, कागदाच्या पाकळ्यांसारखी, अंगठ्याएवढी. पाकळी उलगडली की बुडाशी पिवळी चिकट पूड दिसते. कडूपणा नि वास दोन्ही त्या पुडीत. वेल नर आणि मादी असे वेगवेगळे असतात आणि कामाची फुलं फक्त मादीची. नर वेलाला शेतात सहसा कोणी उभं करत नाही, कारण तो आला की फुलात बी धरतं. हा भाग आमच्या हिनं स्वयंपाकघरातून ऐकला आणि "शहाणी माणसं आहेत" असा शेरा मारला. बिअरमध्ये धान्याचा गोडवा फार असतो, तो मारायला हे कडू घालायचं; शिवाय त्यामुळे बिअर लवकर नासत नाही. जर्मनीत बव्हेरियाच्या राजघराण्यानं १५१६ साली फतवाच काढला, की बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स याखेरीज काही घालायचं नाही. यीस्ट त्या यादीत नाही. घरात सगळ्यात जास्त राबणाऱ्याचं नाव पत्रिकेत नसतं, तसंच.

मला वेल हा शब्द ऐकून धीर आला. निफाडकडचे एक बागाईतदार माझे जुने खातेदार आणि आता मित्र आहेत. भाच्यानं पाठवलेला हॉप्सच्या शेताचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून फोन डोळ्यांजवळ नेला.

"साहेब, मांडव लई उंच घेतलाय."

"अठरा फूट."

"अठरा? मग औषध कशानं मारायचं, हेलिकॉप्टरनं?" मग त्यांच्या आवाजात एकदम आपुलकी आली. "डाऊनी येती का त्याच्यावर?"

मी विचारून सांगितलं, की येते. डाऊनी येते आणि भुरीही येते. हजारो कोसांवर कोणीतरी आपल्यासारखाच ढगाळ हवामानात आकाशाकडे बघत शिव्या देतोय, या बातमीनं त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी चहा पुन्हा मागवला. खरड छाटणी, गोडी छाटणी अशा दोन छाटण्या तिकडे नसतात. काढणीच्या वेळी अख्खा वेलच जमिनीपासून कापतात आणि पुढच्या वर्षी मुळातून नवा फुटतो, हे ऐकल्यावर तर त्यांनी दिंडोरी रोडला दोन एकर लावायची तयारी दाखवली. मला त्यांना आवरावं लागलं. हॉप्सला उन्हाळ्यात लांबच लांब दिवस लागतात. ते नाशिकच्या अक्षांशावर मिळत नाहीत. आपल्या देशात हे पीक लाहौलच्या खोऱ्यात, हिमाचलात घेतात. "म्हणजे ऊन आहे पण दिवस नाही," ते म्हणाले आणि फोन परत दिला.

द्राक्षाच्या जातींवरून मला हॉप्सच्या जाती जरा लवकर उमगल्या. थॉमसन जुनी, मग तिच्याच घरातली तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन; बँकेत अर्ज भरताना ही नावं मी हजार वेळा लिहिली आहेत. तसं इंग्लंडचं फगल हे जुनं खोड. त्याच्यापासून अमेरिकेत विलामेट तयार झाली, १९७६ साली बाहेर आली. पोर्टलंडमधून वाहणाऱ्या नदीचंच नाव तिला दिलंय. गंमत म्हणजे ती जवळजवळ सीडलेस आहे. त्याआधी १९७२ मध्ये आली कॅस्केड, जिच्या वासानं अमेरिकेच्या बिअरचं तोंडच बदललं. मॅग्नम जर्मन, नुसता कडूपणा. सिट्रा २००८ ची, म्हणजे आमच्या हिशेबानं कालची पोर.

प्रत्येक जातीपुढे एक टक्केवारी असते. तिला अल्फा आम्लं म्हणतात. फगलमध्ये साधारण चार-पाच टक्के, मॅग्नममध्ये बारा-चौदा. भाच्याकडे फोनवर एक अ‍ॅप आहे; किती ग्रॅम, किती मिनिटं उकळलं हे भरलं की बिअर किती कडू होईल त्याचा आकडा येतो. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. "आपल्या डार्क एलला तीसच्या आसपास हवा," तो म्हणाला.

"कारल्याच्या भाजीला किती येतो?" हिनं विचारलं.

"मामी, तसं नाही मोजत."

"मेथीच्या लाडवाला?"

अ‍ॅपमध्ये तसा रकाना नव्हता. त्या दिवसापासून हिचा अ‍ॅपवरचा विश्वास उडाला.

दिवाळीत भाचा नाशिकला आला तो बॅगेत हॉप्सची पाच पाकिटं घेऊन. चॉकलेटं आणली नव्हती. त्याचा बेत असा होता, की आमच्या गच्चीवर वीस लिटरची एक खेप लावायची, मामा-मामींची पसंती घ्यायची आणि तसंच पुढे पोर्टलंडला करायचं. इथे मात्र माझ्यातला बँकवाला जागा झाला. तिकडे १९७८ साली सरकारनं कायदा करून घरच्या बिअरला मुभा दिली. दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला दोनशे गॅलन. म्हणजे साडेसातशे लिटर, आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीची पाऊण टाकी! आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्यात परवान्याशिवाय दारू गाळणं सोडा, पिणंसुद्धा बसत नाही. निवृत्तीनंतर पेपरात फोटो यावा अशी माझी इच्छा आहे, पण त्या पानावर नको.

"मग आंबवायचंच नाही," भाचा म्हणाला. "नुसता काढा करू. हॉप्स उकळून चव बघायची, बस."

काढा म्हटल्यावर घरात कोणाचीच हरकत उरली नाही.

पाकिटं फोडली. माझी कल्पना होती फुलं निघतील. निघाल्या हिरव्या लेंड्या. फुलं दळून, दाबून केलेल्या, बोटाच्या पेराहून लहान. "हे तर शेळीचं," हिनं म्हटलं आणि वास घेतल्यावर मागे सरकली. मी दोन लेंड्या तळव्यावर चोळल्या. त्या फुटल्या आणि हात एकदम चिकट झाला, आंब्याच्या देठाचा चीक लागावा तसा. साबणानं दोनदा धुऊनही संध्याकाळपर्यंत गेला नाही. रात्री पुरणपोळी खातानाही मला पाइनचं झाड चावल्यासारखं वाटत होतं.

हिचा पहिला आक्षेप रास्त होता. नुसत्या पाण्यात चव कशी कळणार? आमटी कशी लागेल ते मसाला पाण्यात उकळून कळतं का? डार्क एलचा अर्धा जीव काळ्या भाजलेल्या धान्यात. ते कुठाय? ते पोर्टलंडला राहिलं होतं. मग रविवार कारंजावरून अर्धा किलो जव आणले.

भाचा सांगू लागला, की माल्ट म्हणजे जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, मग—

"नाचणीचं सत्त्व," ही म्हणाली. "तू आठ महिन्यांचा होतास तेव्हा तुझ्या आईला मीच करून पाठवलं होतं. त्यावरच वाढलास."

माल्टिंगवर त्यानं शनिवार-रविवारचा कोर्स केला होता, फी भरून. तो गप्प बसला. मोड आणायला वेळ नव्हता, म्हणून जव नुसतेच भाजायचे ठरले. लोखंडी कढई चढली. चकलीच्या भाजणीएवढा रंग आल्यावर हिनं गॅस बंद केला.

"अजून, मामी."

कॉफीचा रंग आला.

"अजून."

"अरे, जळतंय."

"जळू दे."

छत्तीस वर्षांत या बाईच्या हातून काही करपलं तर तिनं जेवण टाकलंय. तिला कोणी मुद्दाम करपवायला सांगतंय हे तिला पटेचना. मी मधे पडून लंडनच्या डॅनियल व्हीलरची गोष्ट सांगितली. १८१७ साली त्यानं धान्य काळंकुट्ट भाजायच्या पिंपाचं पेटंट घेतलं आणि काळ्या बिअरला रंगासाठी चिमूटभर जळकं धान्य पुरू लागलं. "म्हणजे त्याच्याही घरी कोणीतरी करपवलंच होतं," ती म्हणाली, पण गॅस लावला. काळे झालेले जव भरडून, गूळ घालून उकळले. फसफसायच्या आधीची डार्क एल अशी दिसते, याला भाच्यानं मान्यता दिली.

मग पाच पातेली. चार शेगडीवर, पाचवं इंडक्शनवर. प्रत्येकात तोच काळा काढा आणि वेगळे हॉप्स. इथे मुख्य मुद्दा वेळेचा. हॉप्सचा कडूपणा नुसतं बुडवून उतरत नाही. तासभर खळखळ उकळावं लागतं, तेव्हा त्या अल्फा आम्लांचं रूप पालटतं. पण तासाभरात वास मात्र वाफेबरोबर निघून जातो. म्हणून थोडे आधी टाकायचे, कडूपणासाठी. थोडे अगदी शेवटी, वासासाठी. भाच्यानं हे कागदावर आलेख काढून आठ मिनिटांत समजावलं.

"तमालपत्र आधी, कोथिंबीर शेवटी," ही म्हणाली.

आलेख अजून आमच्या फ्रिजवर लावलेला आहे.

पस्तीसाव्या मिनिटाला दाराची बेल वाजली. शेजारचे काका होते. ते वयानं ऐंशीच्या पुढे, कानानं कमी, नाकानं तीक्ष्ण. त्यांनी दारातच डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

"२०१५ च्या सिंहस्थाची आठवण झाली," ते म्हणाले. "तपोवनात असाच वास होता. साधूंच्या तंबूंपाशी."

भाच्याचा चेहरा पडला. झालं असं, की हॉप्स आणि गांजा एकाच कुळातल्या वनस्पती आहेत. नशेशी हॉप्सचा काडीचाही संबंध नाही, पण वासाचं घराणं एकच. हे ऐकू कमी येणाऱ्या माणसाला दारात उभं राहून मोठ्या आवाजात सांगणं फार अवघड. "गांजा नाही काका! गांजाची चुलत बहीण!" हे वाक्य मी जिन्यात ओरडलो तेव्हा खालच्या दोन मजल्यांवरची दारं उघडली. शेवटी काकांना आत घेतलं, पातेली दाखवली आणि परीक्षक म्हणून खुर्ची दिली. ते खूश. गेले तेव्हा म्हणाले, वास तोच आहे पण साधू जास्त बोलके होते.

उरलेली पंचवीस मिनिटं काढायची होती म्हणून मी भाच्याला देवळालीची गोष्ट सांगितली. तो पुण्यात असताना 'डूलॅली' नावाच्या ठिकाणी जायचा. २००९ मध्ये ती मायक्रोब्रूअरी सुरू झाली, ताजी बिअर तिथेच करून द्यायची. हा बिअरचा नाद त्याला तिथेच लागला. नाव कुठून आलं ते मात्र त्यानं कधी विचारलं नव्हतं. अरे बाबा, डूलॅली म्हणजे आपली देवळाली! इथून दहा-बारा किलोमीटर. १८६१ पासून तिथे गोऱ्या फौजेची छावणी. नोकरीची मुदत संपलेले सोजिर देवळालीला आणून ठेवायचे, मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत. जहाजं फक्त थंडीच्या मोसमात सुटायची. मुदत भलत्या महिन्यात संपली तर बसा ऊन खात. काम नाही, कवायत नाही, महिनोन्महिने. काहींची डोकी फिरायची. त्यालाच म्हणायला लागले 'डूलॅली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळाला आणि इंग्रजीत डूलॅली म्हणजे सरळ वेडा असा अर्थ राहिला. आता त्या कंपनीच्या मुंबईतल्या जागांना टॅपरूम म्हणतात. ताप उतरला आणि नळ आला.

आणि काळ्या बिअरचा संबंध? लंडनहून त्या काळी हिंदुस्थानात फौजेसाठी काळी पोर्टर यायची, पिंपंच्या पिंपं. साहेबलोकांची आवड फिकट पेल एलची. नावात इंडिया आलं ते साहेबांच्या बिअरच्या. पोर्टर सोजिराच्या पोटात गेली नि विसरली गेली. तेव्हा भाच्या, काळी बिअर नाशिकला काही नवी नाही. तो म्हणाला, "मामा, हे लेबलवर लिहितो." पहिल्यांदाच मला माझ्या सल्ल्याचा उपयोग झाल्यासारखा वाटला.

तास भरला. चमचे आले.

मॅग्नम: काडेचिराईत. सरळ, स्वच्छ कडू. मागे वास नाही, पुढे गप्पा नाहीत. काकांनी पोट साफ होईल असं सांगितलं. फगल: पहिल्या पावसानंतरचा पालापाचोळा, ओली माती, काळ्या काढ्यात असं मिसळलं की घातलं होतं का, असं मी विचारलं. विलामेट तशीच, पण किंचित मिऱ्यासारखी आणि शेवटी कुठल्यातरी फुलाची. सिट्रात आधी आंबा, मग लिची आणि मग, खरं सांगायचं तर, गॅलरीत रात्रभर राहिलेलं मांजर. हा माझा विकार नाही. भाचा म्हणाला, काही नाकांना तसंच लागतं. आणि कॅस्केड. कॅस्केडला पपनसाचा वास. सोलताना सालीतून तुषार उडतो ना, तो.

भांडण कॅस्केडवरून झालं. भाच्याला तेच हवं होतं. पोर्टलंडकडे काळ्या बिअरमध्ये भरपूर लिंबूवर्गीय हॉप्स घालायची चाल आहे, त्याला ते कॅस्केडियन डार्क एल म्हणतात आणि त्याचा त्यांना आपल्या मिसळीइतकाच अभिमान आहे. हिनं पुन्हा एक चमचा घेतला, जिभेवर फिरवला आणि निकाल दिला.

"कॉफीत मोसंबी पिळतं का कोणी?"

भाच्यानं बराच युक्तिवाद केला. कडूपणाचा समतोल, वासाचे थर, आकडे. ही म्हणाली, जळक्या जवाचा कडूपणा आधीच आहे. त्यावर आंबट वास घातलास की दोघं भांडतात. शेजारी शेजारी बसतील असे दोन कडू निवड. मला वाटतं काळ्या बिअरच्या हॉप्सबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं फारसं नाही, आणि हे सांगायला तिला एकही टक्केवारी लागली नाही. मॅग्नम थोडं आधी, विलामेट शेवटच्या दहा मिनिटांत, असं ठरलं. मी मान डोलावली. खरं म्हणजे तिसऱ्या चमच्याला मला कॅस्केड आवडायला लागलं होतं. पण मला पुढची छत्तीस वर्षंही याच घरात काढायची आहेत.

फेब्रुवारीत एका रविवारी फोटो आला. दोन खेपा, दोन लेबलं. एकावर 'मामी', दुसऱ्यावर 'मोसंबी'. मी विचारलं, कुठली बरी झाली? भाचा म्हणाला, मामी पिऊन सगळे म्हणतात छान आहे, पण हॉप्स कुठले ते कोणालाच ओळखता येत नाही. तसंच व्हायला हवं होतं. आणि मोसंबी?

"मोसंबी संपली, मामा."

हे मी घरात सांगितलेलं नाही.

आमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीमागे अजून वीस ग्रॅम मॅग्नम पडलं आहे. हॉप्स जुने झाले की त्यांना शिळ्या चीजचा वास येतो म्हणतात आणि तो दिवस फार लांब नाही. नाशिकमध्ये कोणाला काढा करून बघायचा असेल तर त्यानं रविवारी मिसळीनंतर यावं, डबा घेऊन. बाटली आणू नये.